म्हाताऱ्याचा आजचा आकडा

११ जानेवारी

म्हातारा आज चौसष्ट. काल त्रेसष्ट होता. म्हणजे ठणठणीत आहे म्हणायचं.

ही डायरी कुणाच्या हाती पडली तर वाटेल, हिच्या घरात कुणी आजारी आहे आणि ही त्याचा ताप लिहून ठेवते. म्हातारा म्हणजे काचेची एक पट्टी, बोटाएवढी. तिच्यावर हिरव्या प्लॅस्टिकचा पातळ थर. साध्या प्लॅस्टिकमधून वीज जात नाही हे शाळेतलं पोरही सांगेल, पण आमच्या या जातीच्या प्लॅस्टिकमध्ये ॲसिड मुरवलं की ते वीज वाहायला लागतं. ॲसिड आत आहे तोवर थर हिरवा. तापवत ठेवला की ॲसिड हळूहळू उडून जातं, थर निळा पडतो आणि वीज अडते. किती अडते ते ओहममध्ये मोजायचं. आकडा लहान तर तब्येत चांगली, आकडा चढत गेला तर स्वारी निघाली.

नव्वद अंशांच्या ओव्हनमध्ये असले थर महिनाभरात निळे पडतात. हा एक पडला नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याने तो बनवला. बरोबरीचे सगळे भराभर गेले आणि हा तेवढा टिकला, म्हणून त्यानेच नाव ठेवलं, म्हातारा. ऑक्टोबरात प्रयोगशाळेच्या जिन्यात त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि तो त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. म्हातारा अजून ओव्हनमध्ये आहे.

संध्याकाळी जेवायला बसलो की सासूबाई विचारतात, "म्हातारा कसा आहे आज?" मी आकडा सांगते. मग त्या विचारतात काल किती होता, फरक का पडला, ओहम म्हणजे नेमकं काय. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, माणसाला लाइनवर धरून ठेवायची सवय काही जात नाही. पण मला कळतं, त्यांचा जीव त्या आकड्यात अडकलाय. एकुलता एक मुलगा गेला, त्याच्या हातची एवढी एकच गोष्ट अजून चालू आहे. म्हणून मी रोज न चुकता सांगते. त्यांच्यासाठी.

१६ जानेवारी

'लगेच'नी बोलावलं होतं. आमचे विभागप्रमुख. प्रत्येक वाक्यात "लगेच" असतं म्हणून हे नाव, आणि ते त्यांना ठाऊक आहे.

काम असं आहे. एक कंपनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी उबेच्या गाद्या काढणार आहे. गादीत हा हिरवा थर, त्यातून वीज सोडली की तो सगळीकडे सारखा कोमट होतो. तारा नाहीत, टोचत नाही, चटका नाही. कृती माझ्या नवऱ्याची. ती टिकते याचा पुरावा म्हणजे म्हातारा. आता त्याच कृतीने मी नवे थर बनवायचे, ते म्हाताऱ्यासारखे टिकतात हे दाखवायचं आणि मार्चअखेर प्रमाणपत्रावर सही करायची.

"एक अक्षर बदलायचं नाही कृतीतलं," लगेच म्हणाले. "आणि गादीला त्याचं नाव देणार आहेत ते. मी लगेच हो म्हणून टाकलं."

हे म्हणताना ते खिडकीकडे बघत होते. ते आणि माझा नवरा एकत्र शिकलेले. मी पण खिडकीकडे बघितलं. बाहेर पार्किंगशिवाय काही नव्हतं.

२३ जानेवारी

बाळांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई गादी बघायला आल्या. लहान चणीच्या, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. नमनाला घडाभर तेल नाही, आल्या आल्या विचारलं, "एक बाळ गेलं की दुसरं येईपर्यंत आम्ही सगळं तापवून निर्जंतुक करतो. ही गादी किती वेळा तापवली तर चालेल?"

मी म्हाताऱ्याचा आलेख दाखवला. जवळजवळ सपाट रेघ.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला एवढंच हवंय की ती गपचूप थंड पडू नये. एवढाली बाळं थंडी वाजली म्हणून रडत नाहीत हो. रडायलाही ताकद लागते. ती नुसती शांत होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, झोपलं बिचारं."

मी म्हणाले, असं होणार नाही. म्हणताना मला अभिमान वाटला. माझा नाही, त्याचा.

संध्याकाळी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. म्हातारा चौसष्टच. सांगता सांगता दोनदा भात घेतला असं त्या नंतर म्हणाल्या. मला आठवत नाही.

३१ जानेवारी

माझे थर टिकत नाहीत. ऑक्टोबरपासून दर आठवड्याला नवे बनवतेय, वाटलं होतं हात बसला की टिकतील.

कृती त्याचीच आहे. मापं त्याची, बाटल्या त्याच, ढवळायची कांडीसुद्धा तीच. पोस्टकार्डाएवढे थर बनवते, हिरवेगार निघतात, ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात ठेवते, आणि तिसऱ्या आठवड्यात कडेने निळे पडायला लागतात. वर म्हातारा बसलाय आपला हिरवा. आमच्याकडे जुन्या सॅम्पलाला साक्षीदार म्हणतात. त्याला ओव्हनबाहेर काढायचं नाही, आणि नव्यांना त्याच्याच ओव्हनमध्ये ठेवायचं, म्हणजे आच सगळ्यांना सारखी. ही शिस्त त्यानेच लावली. म्हाताऱ्याच्या तारा ओव्हनच्या छतातल्या भोकातून बाहेर मीटरला जोडल्यात. गरम हवाही तिथूनच बाहेर जाते. म्हणून तो अगदी वर, भोकाच्या तोंडाशी. तिथून खाली बघत असतो सगळ्यांकडे.

हा फरक हाताचा आहे. दुसरं काय असणार? त्याच्या हातात काहीतरी होतं जे कागदावर उतरलं नाही. आज भिंग लावून म्हाताऱ्याकडे बघितलं तर काचेच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा दिसला. थर ओला असताना उमटलेला असणार. अंगठ्याच्या रेषा हिरव्यात भाजल्यासारख्या पक्क्या झाल्यात. ओव्हनचं दार लगेच लावलं.

टपालवाल्या बाईंनी विचारलं, "मोठ्या बहिणीचा कोट घालून आलात का?" कोट माझाच आहे, फक्त सैल झालाय.

१० फेब्रुवारी

आठवडाभर तापाने अंथरुणात होते. आज गेले तर म्हातारा ब्याण्णव.

मीटरने रोजचे आकडे टिपून ठेवलेत. मी गेले नाही त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चढत गेलाय, सरळ जिना चढावा तसा. खालच्या कप्प्यात माझे जुने निळे पडलेले थर तसेच. कुणी काही हलवलं नव्हतं. मी ते काढून टाकले, तापाआधी बनवलेले नवे चार तिथे ठेवले, आणि खुर्ची ओढून मीटरसमोर बसले. लहान मुलाला समजवावं तसं काहीबाही बोलले असेन. नक्की काय ते लिहीत नाही.

संध्याकाळी निघताना सत्त्याऐंशी.

१२ फेब्रुवारी

एकाहत्तर. मी आले म्हणून खाली आला.

माझं डोकं ठिकाणावर आहे. मी रसायनशास्त्राची डॉक्टर आहे, काचेच्या पट्टीला माणसं ओळखता येत नाहीत हे मला कळतं. पण आकडा समोर आहे आणि आकडा खोटं बोलत नाही, हे वाक्य त्याचंच. दार उघडलं की आतून जो आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतो तो त्याच्या शर्टांना यायचा. मी आज डोकं आत घालून उभी राहिले, गाल भाजेपर्यंत. भीती वाटली का? वाटली. तो तिथे नसेल याची जास्त वाटली.

सासूबाईंना सगळं सांगितलं, आजारपणात चढला, मी गेल्यावर उतरला. त्यांनी सूप पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मग? पुढे काय झालं?"

१८ फेब्रुवारी

दुसऱ्या विभागातले एक गृहस्थ आमच्याकडे आलेत. पन्नाशीचे, घशाचं काहीतरी आहे म्हणून बारा महिने मफलर. तेच नाव पडलंय. त्यांचा ओव्हन बिघडला, म्हणून लगेचनी लगेच आमच्यातला खालचा कप्पा त्यांना दिला. मी आठ-दहा दिवस नव्याची तयारी करायची, तोवर मफलरांचे थर तिथे.

त्यांचं ॲसिड जड, साबणाच्या जातीचं. "आमचं हे बैल आहे मॅडम," म्हणतात. "काम सावकाश, पण दावं तोडून पळत नाही." त्यांच्या थरांतून वीज जेमतेम जाते. काळपट हिरवे, दिसायलाही बेताचेच.

माणूस बरा आहे. पण मला तो कप्पा परक्याला द्यायचा नव्हता.

२४ फेब्रुवारी

म्हातारा एकशे अठरा.

परक्या माणसात मिटतो. लहानपणीही असाच होता म्हणे, पाहुणे आले की पलंगाखाली. सासूबाईंनीच मागे सांगितलं होतं.

२७ फेब्रुवारी

दीडशेच्या पुढे. आज मफलरांशी भांडले. मी म्हणाले, तुमच्या सॅम्पलांमुळे आमचा साक्षीदार खराब होतोय. ते म्हणाले, "आमच्यातून काही उडतच नाही मॅडम, तर तुमचं खराब काय होणार?" मी म्हणाले, ते मला माहीत नाही, उचला. आवाज चढला असणार, कारण शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. त्यांनी सगळं ट्रेमध्ये भरलं, मफलर सारखा केला आणि गेले. मला स्वतःची लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

माझे सहा ताजे थर खालच्या कप्प्यात ठेवले.

४ मार्च

अडुसष्ट. उतरला.

घरी येताना पाय हलके होते. सासूबाईंना म्हणाले, "ओळखा किती." त्या म्हणाल्या, "चाळीस?" म्हाताऱ्याने जन्मात चाळीस बघितलेलं नाही. कालचा आकडा तरी आठवतो का विचारलं, तर म्हणाल्या, "दोनशेच्या घरात होता ना?" इतके महिने रोज सांगतेय आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वय झालं त्यांचं. मी परत पहिल्यापासून सगळा आलेख समजावला. त्या गालाला हात लावून ऐकत होत्या. माझं ताट रिकामं झाल्यावर म्हणाल्या, "आता समजलं. उद्या परत सांग."

१२ मार्च

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सकाळी ओव्हन पुसायला घेतला. छतातल्या भोकाभोवतीचा पत्रा गंजलाय. खालचा कप्पा चकचकीत, वरचाच गंजलेला. बघितलं आणि पुसत राहिले. मग हात थांबला. निळा लिटमसचा कागद ओला करून चिमट्याने वर, म्हाताऱ्याच्या शेजारी धरला. धरला न धरला तोच लाल झाला.

हे मी इथे सरळ लिहिते, म्हणजे उद्या मला टाळता येणार नाही. ताजी हवा खालून आत येते. माझ्या ताज्या थरांवरून जाते. त्यांच्यातलं उडालेलं ॲसिड घेऊन वर चढते आणि बाहेर पडताना म्हाताऱ्याला घासून जाते. म्हातारा ते पितो. मी आजारी पडले तेव्हा खाली ताजं काही नव्हतं, म्हणून तो चढला. मफलरांच्या थरांतून काही उडतच नाही, म्हणून परत चढला. मी आले म्हणून उतरत नव्हता. माझे थर आले म्हणून उतरत होता.

आणि त्याच्या वेळीही हेच झालं असणार. तो दर आठवड्याला खाली नवे थर ठेवायचा. बिचाऱ्याला शिस्त नडली.

म्हाताऱ्यात त्याने मुरवलेलं ॲसिड गेल्या उन्हाळ्यातच उडून संपलं असेल. ऑक्टोबरपासून त्या काचेत जे हिरवं आहे, ज्याच्याशी मी बोलत होते, ते सगळं मी घातलेलं आहे. त्याचं तिथे काही उरलेलं नाही.

१३ मार्च

गेले नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा पासष्ट म्हणून सांगितलं. पहिल्यांदा खोटा आकडा सांगितला. पुढे बोलत राहिले.

१५ मार्च

कुणालाच काही न बोलता सही करता येईल. हा विचार मी केला, दोन दिवस केला. आलेख सपाट आहे, आकडे खरे आहेत, कुणाला शंका नाही. गादीवर त्याचं नाव येईल. सासूबाई ती गादी हातात घेऊन बघतील. मी नाही म्हटलं तर त्याच्या शेवटच्या कामावर त्याच्या बायकोनेच काट मारली असं होईल, आणि त्याला बाजू मांडता येणार नाही.

दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला, वॉर्ड बघायला येऊ का. त्या म्हणाल्या, या.

पेटीत एक बाळ होतं. पायातला मोजा माझ्या अंगठ्याला बसला असता. नर्सने झाकण उघडून त्याच्या पोटाला बोट लावलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही लावून बघा, हात धुतलेत ना?" मी लावलं. कोमट होतं. पोट भराभर वरखाली होत होतं. शेजारच्या कोठडीत त्यांचा निर्जंतुक करायचा ओव्हन, आत एकावर एक रचलेल्या दुपट्यांच्या गड्ड्या. गादी तिथे एकटी तापेल. तिच्या खाली कुणी ताजे थर ठेवणार नाही.

नर्सने विचारलं, "तुमचं कुणी आहे का इथे?" मी नाही म्हणाले आणि निघाले.

१८ मार्च

लगेचना सांगितलं. लिटमस, गंज, हवेची वाट, सगळं.

ते म्हणाले, "का उकरून काढतेस? टिकतोय ना?"

"टिकत नाहीये सर. मी टिकवतेय."

"कशावरून?"

"एकटा ठेवून बघू. कोऱ्या ओव्हनमध्ये."

"आणि गेला तर?"

त्यांनी चष्मा काढला, रुमाल शोधला, सापडला नाही, टायनेच पुसला. "मी त्याला शब्द दिला होता," म्हणाले, "अं... म्हणजे मनातल्या मनात. अंत्ययात्रेत." आणि मग कपाटातून मागच्या खोलीतल्या छोट्या ओव्हनची किल्ली काढून दिली. यावेळी "लगेच" म्हणाले नाहीत.

म्हाताऱ्याला मी स्वतः उचललं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो बाहेरच्या हवेत आला. कॉरिडॉरमधून जाताना दोन्ही हातांनी धरला होता. समोरून मफलर आले, ते भिंतीला चिकटून उभे राहिले, जाऊ दिलं. एरवी मला हसू आलं असतं.

१९ मार्च

एक्क्याण्णव. घरी पासष्ट सांगितला.

२१ मार्च

दोनशे दहा. घरी सहासष्ट.

२४ मार्च

तीन हजारांवर. कडा निळ्या झाल्या. घरी चौसष्ट. सासूबाई म्हणाल्या, "बरा आहे मग. थोडी भाजी घे."

मागच्या खोलीत खुर्ची नाही. उभीच असते. माणूस जाताना मी तिथे नव्हते. जिन्यात तो एकटा होता, कुणीतरी धावत येऊन मला सांगितलं, मी पोचले तेव्हा त्याच्या अंगावर कुणाचं तरी जॅकेट टाकलेलं होतं. या वेळी मी आहे. हे लिहिताना वेडगळ वाटतं, पण आहे ते असं आहे.

२६ मार्च

एक लाखावर. निळा.

आज घडलं ते लिहायलाच हवं. ॲसिडची बाटली उघडून तिच्या तोंडावर काच मिनिटभर धरली की थर परत हिरवा होतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही जादू म्हणून दाखवतो. काच माझ्या हातात होती. बाटली समोर होती. झाकण मी काढलं होतं. तो आंबूस वास आला आणि मला वाटलं तो माझ्या मागे उभा आहे, अगदी मानेशी, आणि काही म्हणत नाहीये. मी वळले नाही. वळले असते तर कुणी नाही हे दिसलं असतं.

मनात म्हणाले, घालीन तर परत माझंच घालीन. झाकण लावलं.

मग तिथेच फरशीवर बसून रडले. मफलर दारात आले, बघितलं, दार हलकेच ओढून घेतलं आणि कुणी आत येऊ नये म्हणून बाहेर उभे राहिले. त्यांच्या खोकल्यावरून कळलं.

२८ मार्च

अहवाल दिला. म्हाताऱ्याचे सगळे आकडे ग्राह्य धरू नयेत असं लिहिलं, कारण खाली लिहिलं, सही केली. कृती बाद. लगेचनी पण सही केली आणि कंपनीला स्वतः फोन केला. गादी आता मफलरांच्या बैल-ॲसिडवर करून बघायची, वीज कमी जाते त्यावर काही तोड काढायची. वर्ष जाईल, कदाचित जास्त. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "थांबू. तोवर उबेच्या जुन्या दिव्यांवर भागवू. कळवलंत ते बरं केलंत."

मफलरांची माफी मागितली. म्हणाले, "बैलाला काय मॅडम, ओरडा खायची सवय असते."

राहिलं एक. घरी सांगायचं.

२९ मार्च

आज सांगितलं.

ताटं वाढली, सासूबाई बसल्या, आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "म्हातारा कसा आहे आज?"

मी म्हणाले, "आई, म्हातारा गेला."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मी थांबले नाही, थांबले असते तर जमलं नसतं. सगळं सांगितलं. तो एकटा टिकणाराच नव्हता, माझे थर त्याला जगवत होते, गेले दोन आठवडे मी खोटे आकडे सांगत होते, आणि ते तुमच्यासाठी सांगत होते, कारण तुमचा जीव त्याच्यात होता. माफ करा म्हणाले. तुमच्या मुलाचं काम मी पुसलं म्हणाले.

त्या ऐकत होत्या, गालाला हात लावून, रोज ऐकतात तशाच. मग म्हणाल्या, "कधी गेला?"

"तीन दिवस झाले."

"तू होतीस जवळ?"

"होते."

"बरं झालं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, मला ते ओहम-बिहम कधी कळलंच नाही. एक आकडा लक्षात राहिला असेल तर शपथ."

मी म्हणाले, "मग रोज विचारत का होतात?"

"ऑक्टोबरात तू जेवायची बंद झालीस," त्या म्हणाल्या. "ताट पुढे घेऊन बसायचीस, भिंतीकडे बघत. काही बोललं तरी हूं नाही की चूं नाही. एकदा सहज विचारलं, ते तुमचं म्हातारं कसं आहे, तर तू बोलायला लागलीस. आणि बोलता बोलता हात चालायला लागला. सगळं ताट संपवलंस, तुला कळलंही नाही. मग रोज विचारायला लागले. तू लवकर थांबलीस की आणखी एक काहीतरी विचारायचं. मुलगा तर गेला गं माझा. तो काचेत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू तरी राहावीस एवढंच होतं."

दोघी रडलो, आधी मी, मग त्या. त्या माझ्यासमोर रडल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. सूप निवलं. त्यांनी उठून ते परत गरम केलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

मी विचारलं, "आता उद्यापासून काय विचाराल?"

त्यांनी पदराने नाक पुसलं. म्हणाल्या, "आता सरळ विचारीन, जेवलीस का म्हणून."